सुटलेलं टोक

साइटवर तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की रेघबाई. पत्र्याच्या ऑफिसात कोपऱ्यात तिचं टेबल होतं आणि टेबलावरच्या पडद्यावर पाणी शुद्धीकरण केंद्राचं अख्खं बांधकाम पट्ट्यापट्ट्यांनी आडवं पडलेलं असे. ज्या कामाला उशीर झाला तर सगळंच लांबणार, त्याची पट्टी लाल. ज्याला थोडं मागंपुढं चालेल त्याची निळी, आणि निळीला मागून एक बारीक शेपूट. शेपूट जेवढं लांब, तेवढी मोकळीक.

लोक त्या शेपटासाठी तिच्याकडे येत. कुणाला रजा हवी असे, कुणाचा माल अडकलेला, कुणाची सासू आजारी. “बाई, माझ्या कामाला शेपूट आहे का हो?” ती चष्मा वर सारून बघायची आणि सांगायची. तिचं सांगणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एके काळी ती नकाशांच्या नकला काढायची. हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा पुरुषमंडळींनी नाकं मुरडली, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. पुढे ते गळ्यातच राहिलं. घरी एकटीच असायची, पण दूध तापत ठेवलं तरी डोक्यात पट्टी उमटायची: दूध तापेतो कपडे, कपडे वाळेतो झाडलोट. माणसांकडेही ती तशीच बघू लागली होती. कोण थांबू शकतं, कोण नाही.

मागच्या आठवड्यात सर्व्हेअर आला होता. बायकोचं पहिलंच बाळंतपण, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, माहेर लांबच्या गावी. त्याचं एकच काम उरलं होतं: मोठ्या टाकीच्या पायातले बोल्ट जागेवर आहेत का, ते यंत्र लावून तपासायचं. तिनं बघितलं. पट्टी निळी, शेपूट लांबलचक.

“जा तू. भरपूर वेळ आहे तुला,” ती म्हणाली होती. तो हेल्मेट ठेवायलाही थांबला नाही.

आज दुपारी, उद्याच्या क्रेनसाठी सगळं शेवटचं चाळताना, तिची नजर त्या शेपटावर अडली. ते पार प्रकल्पाच्या शेवटापर्यंत गेलं होतं. एवढ्याशा कामाला एवढं शेपूट? तिनं पट्टीवर क्लिक केलं. प्रत्येक कामातून एक बाण निघून पुढच्या कामाला टेकलेला असतो. ह्याचा बाण कुठंच टेकलेला नव्हता. केव्हातरी तिनंच ह्या कामाचे दोन तुकडे केले होते आणि जोड द्यायचा राहिला होता. आपल्यासाठी कुणी थांबलेलं नाही, तर आपल्याला घाई कसली, असं त्या कामानं गृहीत धरलं होतं.

तिनं बाण ओढून टाकी बसवण्याच्या कामाला जोडला. निळी पट्टी लाल झाली आणि तो लाल रंग खालपर्यंत सांडत गेला.

पोलादी टाकी, तीन मजली उंच. क्रेनच्या आकड्याला लटकून ती खाली येणार आणि पायातला एकेक बोल्ट तिच्या एकेका भोकातून वर निघायला हवा. एक जरी वाकडा असला तर टाकी अधांतरी. आणि तिच्या बुडाशी हातांनी तिला वळवणारी माणसं.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, उद्या टाकी उचलता येणार नाही.”

“सकाळी क्रेन येतेय, संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जातेय. पुन्हा कधी मिळेल ते तुम्हीच मला ऐकवत असता.”

“बोल्ट तपासलेले नाहीत. आराखड्यात जोड राहिला होता. चूक माझी आहे.”

“मग त्या सर्व्हेअरला बोलवा.”

“उद्या त्याच्या बायकोचं ऑपरेशन आहे.”

“ते काय हा करणार आहे?”

साहेबांनी समोरची फाईल मिटली.

“नसेल येत तर फोरमन टेप लावून मोजेल. तुम्ही तारीख ठोकून टाका.”

तारीख ठोकणं म्हणजे पट्टीला खिळा मारणं. मागचं काहीही ढासळो, ती जागची हलत नाही आणि वरच्या लोकांना सगळं निळंशार दिसतं. सगळेच ठोकत.

“खाली माणसं असतील, साहेब.”

“पाचपर्यंत सांगा. सर्व्हेअर, नाहीतर टेप.”

तिनं सर्व्हेअरला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

“मॅडम! हिचं बीपी वाढलंय हो. उद्या सकाळीच आत घेतायत. तुम्ही सोडलंत म्हणून इथं तरी आहे. काही काम होतं?”

“नाही. सहज केला.”

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपला हात खिळा मारायला निघाल्यासारखा माउसवर आहे. तिनं तो उचलला. मग एक नंबर काढला, जो तिनं दोन वर्षांत लावला नव्हता.

क्रेन इथून ज्या साइटवर जाणार होती, तिथला आराखडा तिचा धाकटा भाऊ सांभाळायचा. हे काम त्याला तिनंच शिकवलेलं. आता दोघांमध्ये फक्त फायली जात-येत.

“बोला.”

“मी ताई.”

“दिसतंय. नाव आहे फोनमध्ये.”

“क्रेन उद्या तू घे. मी परवा घेते.”

“माझा पाया परवा तयार होतोय. आराखडा पाठवलाय, वाचत नाहीस वाटतं?”

“वाचला. तुझा पाया तयार आहे.”

“कोण म्हणतं?”

“प्रत्येक कामात चिमूटभर वेळ जास्त घालावा आणि कुणाला सांगू नये, हे तुला कुणी शिकवलं?”

पलीकडे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर चालू होती.

“ते बाहेर काढलं ना, तर माझा साहेब ह्यापुढं माझी एक तारीख खरी मानणार नाही. आणि तुला अडलंय कशाचं?”

तिनं सांगितलं. बाण, बोल्ट, सर्व्हेअर, बाळंतपण.

“मग त्याला बोलव की,” तो म्हणाला. “म्हणावं, बायकोला अजून वेळ आहे. तुला छान सांगता येतं ते.”

आई दवाखान्यात होती तेव्हा त्यानं असाच फोन केला होता, निघू का म्हणून. त्याच्या साइटवर स्लॅब ओतायचा होता. ताप उतरत होता, डॉक्टर हसून बोलत होते. तिनं मनात पट्ट्या मांडल्या आणि म्हणाली, रविवारी ये, वेळ आहे. आई शनिवारी पहाटे गेली. तो धावत आला तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती.

“त्यालाही मीच म्हटलं, वेळ आहे म्हणून,” ती म्हणाली. “आता परत बोलावणं माझ्यानं होणार नाही. आणि तुला तेव्हा नुसतं ये म्हणायला हवं होतं. मी आईकडे बघत नव्हते रे. हिशेब बघत होते.”

मिक्सर थांबला. मग फोन कट झाला.

खिडकीबाहेरून फोरमन गेला. त्याच्या कमरेला टेप होता आणि पाय टाकीच्या पायाकडे वळलेले होते. केबिनमधली खुर्ची करकरली. साहेब दारात येऊन उभे राहिले.

“काय ठरलं? ठोकलीत तारीख?”

“नाही.”

“सर्व्हेअर?”

“त्यालाही नाही बोलावलं.”

“मग आम्ही काय आरती ओवाळायची त्या क्रेनला?”

पडद्याच्या कोपऱ्यात मेल उगवला. भावाचा सुधारलेला आराखडा. मजकूर एकच ओळ: क्रेन उद्या आम्ही घेतोय, क्रेनवाल्याला कळवलंय. तिनं फाईल उघडली. त्यानं क्रेनपुरतं चिमूटभर काढलं नव्हतं, सगळंच काढलं होतं. वरपासून खालपर्यंत एकही शेपूट उरलं नव्हतं. उघडं, लालभडक.

साहेब तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. “परवा? आणि परवाही हुकलं तर?”

“तर हुकलं, साहेब. पण टेपच्या भरवशावर नाही उचलायची.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फोरमनकडून कळल्यावर, सर्व्हेअर आपणहून आला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या, त्याच्या अंगावर कालचाच शर्ट होता. त्यानं यंत्र मांडलं, एका डोळ्यानं बराच वेळ बघितलं आणि हात वर केला. एक बोल्ट अंगठ्याएवढा बाजूला वाकला होता. फोरमननं टेप कमरेवरून काढून खिशात घातला आणि बोल्ट सरळ करायला पाइप आणायला गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी बसली तेव्हा ती पायाशेजारी उभी होती. बोल्टांची टोकं एकेक करून भोकांतून वर आली. खालच्या माणसांनी हात झटकले.

तिनं फोन काढला आणि भावाला लिहिलं: बसली. रविवारी ये.

मग पाठवण्याआधी तिनं रविवारी हा शब्द खोडला.