विसाच्या खालचा आवाज

ठाणे जिल्ह्यात असा एकही कॉम्प्युटरवाला नसेल, ज्याने माझ्या साडूंना लांबून येताना पाहून चहाच्या निमित्ताने दुकानातून काढता पाय घेतलेला नाही. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम डोंबिवली पूर्व, सध्या निवृत्त. माणूस सज्जन, बोलणं गोड, घासाघीस अजिबात नाही. त्यांना फक्त कॉम्प्युटरला जोडायचं साउंड कार्ड हवं असे, आणि तेही जे आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत ते टिपण्यासाठी. अशा गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, हे बिचाऱ्या दुकानदाराला कुठल्या शाळेत शिकवलेलं असतं?

एकदा ठाण्याला आले, तेव्हा मलाही बरोबर ओढून नेलं. दुकानदाराने उत्साहाने एक चकचकीत खोका पुढे सरकवला. "काका, हा पीस घ्या. असला बास आहे ना, छाती हलेल बघा!"

"छाती हलतेच आहे हो," साडू शांतपणे म्हणाले, "ती कोण हलवतंय, ते मला बघायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी घाईघाईने शेजारच्या माउसची चौकशी करू लागलो.

पण साडू बोलले ते अक्षरशः खरं होतं. हलत होती ती ताईची छाती. ताई म्हणजे माझी मेव्हणी. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली, भुताखेतांना आणि नातेवाइकांना सारख्याच कठोरपणे तपासणारी बाई. गेल्या दिवाळीनंतर ती अधूनमधून माझ्या बायकोला म्हणायला लागली, "छातीत काहीतरी घुमतंय गं. कानात दडे बसल्यासारखं होतं." दुसऱ्या कोणाला काही जाणवेना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. एकाने चालायला सांगितलं, दुसऱ्याने हळूच विचारलं, "घरात काही टेन्शन?" शेजारणीने दृष्ट काढणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. माझ्या बायकोने प्राणायाम सुचवला, आणि मी 'वय झालं की असं होतंच' हे ठेवणीतलं वाक्य टाकलं. हळूहळू ताईने सांगणंच बंद केलं. नुसती खिडकीशी बसून राहायची. एकदा मात्र साडूंना म्हणाली, "मला भास होत असतील का हो?" ताईला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका यावी, याची साडूंनी जी धास्ती घेतली, ती पुढे सगळ्या दुकानदारांना भोवली.

साडूंचा तर्क सरळ होता. सेकंदाला वीस हेलकाव्यांच्या खालचा आवाज कानाला कळत नाही, पण एखाद्याच्या शरीराला कळू शकतो. तो पकडायचा तर कॉम्प्युटरनेच. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. "साउंड कार्डाच्या दारात एक कपॅसिटर बसवलेला असतो," ते मला भेटेल तिथे समजावत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखा. भराभरा येणाऱ्याला सोडतो, सावकाश येणाऱ्याला दारातच अडवतो. गाणी ऐकणाऱ्याचं त्यात काही जात नाही. पण माझा पाहुणाच सावकाश चालणारा, त्याचं काय?"

मग त्यांनी वॉचमन हटवायची मोहीम काढली. कार्ड आणायचं, उघडायचं, कपॅसिटरला बगल देऊन तार डकवायची. काही कार्डं सुधारली, बरीचशी वारली. माझा लॅपटॉप चार दिवसांसाठी नेला आणि तिसऱ्या दिवशी आनंदाने फोन केला, "अहो, तुमचापण वॉचमन काढला बरं का!" तेव्हापासून ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी तोंडात बटाटा धरून बोलतोय असा लोकांचा समज झाला आहे. शिवाय साधा माइक इतकं खालचं ऐकत नाही, म्हणून त्यांनी हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवला. बरणी कितीही घासली तरी तिचा मोहरीचा वास जाईना, त्यामुळे प्रयोग बघायला वाकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे.

शेवटी कल्याणच्या एका यंत्रविक्याकडे त्यांना हवं ते सापडलं. गाण्यांसाठी नव्हे, मोजमापासाठी बनवलेलं कार्ड. दिसायला गरीब, पण दारात वॉचमनच नाही. दुसऱ्याच दिवशी फोन: "ताबडतोब या. मिळालं!"

आम्ही उभयता धावत डोंबिवलीला गेलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खरंच उंचच उंच डोंगर उमटत होते. साडू भारावून बघत होते. तेवढ्यात बेल वाजली, बायकोने दार उघडलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक डोंगर उभा राहिला. त्या दिवशी ताईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दार उघडलं की खोलीतली हवा हलते आणि बरणी ते इमानेइतबारे टिपते, हे शास्त्र साडूंच्या लक्षातच आलं नव्हतं. बिल्डिंगमधल्या तमाम सवाष्णींची ये-जा त्यांनी फार अचूक नोंदवली होती.

दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. साडूंनी दाराला आतून कडी घातली. "आता कोणी आत यायचं नाही!"

बाहेर काळ्या साड्यांची जिनाभर रांग लागली. "अहो काका, मला अजून तीन घरं करायचीत!" एकीचा आवाज आला.

"थोडी कळ काढा, वहिनी. आणि दाराला टेकू नका!"

आत आम्ही श्वास रोखून उभे. डोंगर सपाट झाले, आणि त्यांच्याखाली दडलेली एक बारीक, एकसारखी रेघ दिसू लागली. ताई पडद्याकडे पाठ करून खिडकीशी बसली होती. तिने छातीवर हात ठेवला होता. थोड्या वेळाने ती हलकेच म्हणाली, "थांबलं बघा आत्ता."

पडद्यावरची रेघही मिटली होती.

आम्ही सगळे खिडकीकडे धावलो. बिल्डिंगमागच्या लग्नाच्या हॉलमधला साखरपुडा आटोपला होता, माणसं बाहेर पडत होती, आणि हॉलच्या गच्चीवरचा, आतली हवा बाहेर फेकणारा अवाढव्य पंखा गरगरत मंदावत चालला होता. ताई एकदा पंख्याकडे बघे, एकदा पडद्याकडे. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही?"

"मी कधी म्हटलं होतं तसं?"

"पण तुम्हाला तरी कुठे ऐकू येत होतं?"

"तुला येत होतं ना," साडू म्हणाले, आणि दार उघडायला गेले.

हॉलचा मालक भला निघाला. त्याने बरणीचा वास घेत सगळं ऐकून घेतलं आणि पंख्याची बैठक नव्याने बसवून दिली. आता ताई पूर्वीसारखी सगळ्यांना तपासत असते आणि दुपारी निवांत झोपते. साडू शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसतात, पानसुद्धा हळू उलटतात. त्यांना तसं बघितलं की मला गलबलून येतं. आपल्या एका शब्दासाठी कोणी असं गावभर वेड्यासारखं हिंडलं असतं का, असं बायकोला विचारावंसं वाटतं. पण विचारत नाही, कारण ती उलट मलाच तेच विचारेल.