दुसरा फटका

बागेत सगळे त्यांना मावशी म्हणत. मुकादमापासून सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. सत्तावीस वर्षं त्या एकाच सार्वजनिक बागेत कामाला होत्या. कुंपणाची झुडपं एका उंचीला कापायची, वाफ्यातलं तण उपटायचं, लांबलचक नळी ओढत कोपऱ्यापर्यंत पाणी पोचवायचं, हेच त्यांचं काम. गुडघे कुरकुरू लागले होते आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

धीट म्हणावं अशा त्या मुळीच नव्हत्या. सुरवंट, गोगलगाई, गांडुळं बिनदिक्कत हातानं उचलणारी ही बाई घरात पाल दिसली की खुर्चीवर चढायची आणि नवऱ्याला हाका मारायची. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो झाडू घेऊन यायचा, पालीला बाहेर घालवायचा आणि म्हणायचा, "गेली बरं का ती. तुला बघून घाबरली बिचारी."

त्या वर्षी गावात विदूषकांचं खूळ शिरलं. कुठून आलं, कुणी सुरू केलं, कुणालाच नीट सांगता येईना. पांढराफटक रबरी मुखवटा, कानापर्यंत फाटलेलं लाल तोंड, हिरवे केस. असा कुणीतरी भिंतीआडून एकदम अंगावर यायचा, समोरचा किंचाळत पळायचा, आणि लांब उभा असलेला साथीदार ते सगळं फोनवर टिपायचा. पहिले दोन-तीन दिवस लोक पोट धरून हसले. मग एक आजीबाई जिन्यावरून गडगडत खाली आल्या, एका लहान मुलीनं शाळेचं नावच टाकलं, आणि हसू आटलं. रोज नवी बातमी यायची. आज म्हणे दहा जण होते, आज म्हणे त्यांच्याकडे खरे सुरे होते, आज म्हणे गाडीत एका मुलाला कोंबत होते. यातलं खरं किती, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. शाळेनं पालकांना पत्रं धाडली. खेळण्यांच्या दुकानदारानं सगळे मुखवटे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. कोपऱ्यावरच्या जिमवाल्यानं आठ-दहा तरण्याबांड गड्यांचं रक्षक पथक काढलं, आणि ते काठ्या घेऊन गल्लोगल्ली फिरू लागलं.

बागेतले झोके चार वाजताच ओस पडू लागले. मुकादम मावशींना म्हणाला, "हत्यारांच्या खोलीकडे एकट्या जाऊ नका. गेलात तर हातात काहीतरी ठेवत जा."

"माझ्यासारख्या म्हातारीला घाबरवून कुणाला काय मिळणार आहे?" मावशी म्हणाल्या. पण त्या दिवसापासून तिकडे जाताना त्यांचे कान मागे लागलेले असत.

एका गुरुवारी, पाचच्या सुमाराला, त्या हत्यारांच्या खोलीमागे होत्या. ऊन अजून होतं. फावड्याचा जुना दांडा मोडला होता. नवा दांडा बसवण्यासाठी तो हातात घेऊन त्या त्याचं टोक तासत होत्या. पालापाचोळ्याच्या ढिगामागून एक विदूषक हातात सुरा घेऊन चित्कारत थेट त्यांच्या अंगावर आला.

मावशींना नंतर आठवलं ते एवढंच, की हात आपोआप फिरले. दांडा त्याच्या कानाखाली बसला. तो आडवा झाला. सुरा लांब उडाला, आणि दगडावर पडताना जो आवाज आला त्यावरून तो प्लास्टिकचा आहे हे त्यांना कळलं. कुंपणापलीकडे कुणीतरी धूम पळालं. मुखवटा एका बाजूला सरकला होता आणि खालून अर्धा चेहरा दिसत होता. बारीक मिशी, घामानं भिजलेला गाल, विशी-पंचविशीचा माणूस. त्यानं उजवा हात वर धरला.

"मावशी, नको. गंमत होती."

मावशींनी ते ऐकलं. एकेक शब्द स्वच्छ ऐकला. भीती तर त्याआधीच निघून गेली होती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. माझ्या पोटात गोळा आला आणि तुझी गंमत होती? त्यांनी दांडा पुन्हा उचलला आणि त्या वर धरलेल्या हातावर घातला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मग त्यांनीच मुकादमाला हाक मारली. त्यांनीच नळाचं पाणी आणून त्याला पाजलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या त्याच्या उशाशी बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चित्रफीत गावभर झाली होती. साथीदारानंच ती टाकली होती. विदूषक येतो, मावशी दांडा फिरवतात, तो आडवा होतो, आणि तिथंच चित्र हलतं आणि संपतं. लोकांनी मावशींना डोक्यावर घेतलं. वाघीण काय, रणरागिणी काय. दूर गावी असलेल्या लेकीचा फोन आला, "आई, माझ्या ऑफिसात सगळे तुलाच बघतायत." जिमवाला पुष्पगुच्छ घेऊन आला आणि त्यानं दांड्यासकट फोटो काढून घेतला. ओळख ना पाळख अशा बायका बागेत येऊन त्यांचे हात हातात घेऊन जात.

नवऱ्याचा ऊर भरून आला होता. येईल त्याला तो चित्रफीत दाखवत सुटला. चौथ्यांदा की पाचव्यांदा दाखवताना मावशींनी विचारलं, "अहो, याच्या पुढचं काही आहे का त्यात?"

"नाही गं. इथंच संपतं."

मावशींना हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच त्यांना लाज वाटली.

आठव्या दिवशी त्या रुग्णालयात गेल्या. तो खिडकीजवळच्या खाटेवर होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी त्याची आई मोसंबं सोलत बसली होती. तिनं मावशींना ओळखलं, उभी राहिली, आणि चक्क हात जोडले.

"माफ करा हो. वळण लावायला आम्हीच कमी पडलो. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं." तिनं मोसंब्याच्या चार फोडी मावशींच्या हातावर ठेवल्या. मावशींनी त्या खाल्ल्या.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पडताना हातावर पडला ना. तळव्याची तीन हाडं गेलीत. दोन बोटं मिटतील की नाही, सांगता येत नाही म्हणतात." आई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "फोन दुरुस्त करतो तो. तिळाएवढे स्क्रू असतात त्यात."

पोरगा छताकडे बघत होता. आई पाणी आणायला गेली तशी मावशी पुढे सरकल्या.

"खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? अंगावर मीच आलो होतो. कुणीही म्हणेल, बरी खोड मोडली." त्यानं दाराकडे पाहिलं. "आणि आईला कळलं तर तिला झोप लागायची नाही."

"मी तुझं बोलणं ऐकलं होतं रे."

"माहितीय," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याच डोळ्यांत बघत होतात."

मावशी घरी कशा पोचल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही.

तरीही त्या गप्प राहिल्या असत्या, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. माणूस स्वतःची समजूत घालतोच. पण पुढच्याच आठवड्यात भरदुपारी बाजारात वेगळंच घडलं. चपलांचं नवं दुकान उघडलं होतं. त्यापुढे एक पन्नाशीचा माणूस तोंडाला रंग फासून, नाकावर लाल चेंडू लावून जाहिरातीचे कागद वाटत उभा होता. रोजंदारीवर आलेला. रक्षक पथकानं त्याला घेरलं. तो हातातले कागद पुढे करून सांगत होता, नको, नको, मी कामावर आहे, दुकानात विचारा. कुणी विचारलं नाही. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. त्याचीही चित्रफीत निघाली, आणि तिच्यात एक जण ओरडताना ऐकू येत होता, "मावशींनी शिकवलंय ना, तसंच द्या."

जिमवाल्याला कुणीतरी जाब विचारला, तर तो म्हणाला, "एकटी बाई करून दाखवते, आणि आम्ही इतके जण असून हात बांधून बसायचं?"

त्या संध्याकाळी मावशींनी ताट पुढ्यातून बाजूला सारलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या फटक्याचं. हात वर होता, शब्द ऐकू आले होते, सुरा खोटा आहे हे कळलं होतं. काहीच लपवलं नाही.

नवऱ्यानं हातातला फोन उलटा करून ठेवला. मग विचारलं, "कुणी पाहिलं?"

"त्यानं."

"तो बोलला का?"

"नाही."

"मग तू कशाला बोलतेस? तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

"तो कागद वाटणारा माणूसही नको नको म्हणत होता, अहो. त्यांनीही ते ऐकलंच असणार. जसं मी ऐकलं." मावशी म्हणाल्या. "आणि माझं नाव घेऊन मारलं त्याला."

नवरा उठून बाहेरच्या खोलीत गेला. सकाळी त्या निघाल्या तेव्हा तो बरोबर आला नाही. दारही त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चेहऱ्यावर कौतुक होतं. मावशी बोलत गेल्या तसं ते मावळत गेलं. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं.

"मावशी, पहिला फटका आणि दुसरा, यात अंतर किती? दोन सेकंद. माणूस घाबरलेला असतो. कशाला जुनं उकरताय?"

"दोन सेकंदांत भीती गेली होती, साहेब."

त्यानं निरुपायानं लिहायला घेतलं आणि वाचून दाखवलं. घाबरलेल्या अवस्थेत पुन्हा प्रहार केला, असं त्यात होतं. मावशींनी बोट ठेवलं. "हे खोडा. घाबरून नाही. रागानं."

"तुमच्याच विरुद्ध जाईल ते."

"खोडा."

त्यानं खोडलं. मावशींनी सही केली.

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी लागली आणि त्यांना गावाबाहेरच्या रोपवाटिकेत धाडलं. जिमवाला दारात येऊन म्हणाला, "आम्हाला तोंडघशी पाडलंत. तुमच्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो." मावशी म्हणाल्या, "मी बोलावलं नव्हतं." ज्यांनी वाघीण म्हटलं होतं तेच आता कसाईण म्हणू लागले. एकानं लिहिलं, ही बाई मुलांच्या बागेत इतकी वर्षं होतीच कशी. काही जण उलट चिडले, कबूल करायची गरजच काय होती, सगळी मजा घालवली. बागेतल्या म्हाताऱ्यांपैकी एकच जण रोपवाटिकेपर्यंत पायपीट करत आला, थोडा वेळ बसला, हवापाण्याचं बोलला आणि गेला.

सगळ्यात जड गेली ती त्या पोराची आई. ती एका दुपारी घरी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातून मोसंबं घेऊन खाल्लंत तुम्ही. माझ्यासमोर बसून." ती वळून जिना उतरून गेली. मागे नवरा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मावशींना धरून खुर्चीत बसवलं आणि त्या दिवसानंतर कोर्टाच्या तारखेला तो प्रत्येक वेळी बरोबर गेला.

कोर्टात पोरानं न विचारता सांगितलं की सुरा घेऊन आपणच धावलो होतो, मावशींना शिक्षा व्हावी असं आपल्याला वाटत नाही. न्यायाधीशांनी मावशींना सक्त ताकीद दिली आणि वर्षभर दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावायला सांगितली. जिमवाला आणि त्याच्या दोघा साथीदारांवर वेगळा खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. कागद वाटणाऱ्या माणसानं तोंडाला पुन्हा रंग लावला नाही. तो आता एका गोदामावर राखणदार आहे. पोराची दोन बोटं शेवटपर्यंत पूर्ण मिटली नाहीत. फोन दुरुस्तीच्या त्याच्या जुन्याच दुकानात तो आता पुढे बसून गिऱ्हाइकांचे बिघडलेले फोन घेतो, आणि ते उघडायचं काम मागे दुसराच कुणी करतो. मावशी एकदा रस्त्यापलीकडून त्याला बघून आल्या. आत जायचा धीर झाला नाही.

बाकीचे विदूषक आले तसे गेले. कुणी पकडले नाहीत, कुणी थांबवले नाहीत. लोकांना चघळायला दुसरा विषय मिळाला, एवढंच.

रोपवाटिकेत मावशींच्या हाताखाली एक नवी बाई आली होती, हसऱ्या स्वभावाची. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा मावशी पिशव्यांत माती भरत बसल्या असताना ती पाय न वाजवता मागून आली आणि कानापाशी मोठ्यानं "भॉक" केलं. मावशींच्या शेजारी लोखंडी खुरपं होतं. त्यांनी दोन्ही हात मातीच्या ढिगात मनगटापर्यंत खुपसले आणि तसेच दाबून धरले.

"घाबरलात, मावशी? गंमत केली हो," ती म्हणाली.

"जरा लांब सरक," मावशी म्हणाल्या. "आणि मला थोडा वेळ दे."

ती चार वाफे लांब जाईपर्यंत त्यांनी हात मातीतून बाहेर काढले नाहीत.