मॅडमलाच चोर म्हणणारं कुलूप

बाफोर टेनकोरांग मास्तरांनी कुमासी शहराच्या टाफो भागात बारा वर्षं गणित शिकवलं, तेही वर्गात येरझारा घालत. सत्र संपलं की कुठल्या मुलाचा वर्गात कितवा नंबर, हे काढताना शिक्षक मेटाकुटीला यायचे. मास्तरांनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला, नोकरी सोडली आणि किंमत ठेवली फुफूच्या दोन ताटांएवढी. म्हणजे कुणाला चोरायची गरजच पडू नये.

तरी चोरलाच. पेनड्राइव्ह खिशात घालून लोक शाळाशाळांतून फिरले. शाळा चालवणाऱ्या एका पाद्रीबाबांनी तर मास्तरांनाच फोन लावला, "तुमचा तो प्रोग्राम आमच्याकडे हळू का चालतो हो?" पाद्रीबाबांनी तो कधी विकत घेतलाच नव्हता.

त्या संतापात मास्तरांनी प्रोग्रामला कुलूप बसवलं आणि पैसे भरलेल्या शाळांना ही नवी प्रत दिली. पहिल्यांदा ज्या मशीनवर चढला, तिथल्या डिस्कचा नंबर प्रोग्राम लक्षात ठेवणार. दुसऱ्या नंबरच्या डिस्कवर उघडणार नाही, नुसती लाल अक्षरं दाखवणार: 'चोरा, आधी पैसे दे.' ही ओळ लिहून त्यांना फार बरं वाटलं होतं.

अवर डेच्या आदल्या दिवशी सकाळीच सेर्वा मॅडमचा फोन आला. अवर डे म्हणजे सत्राचा शेवटचा दिवस. मुलं डब्यात भात-कोंबडी आणतात, आईबाप प्रगतिपुस्तक न्यायला येतात. सेर्वा मॅडम मुख्याध्यापिका, आणि मास्तरांना सगळ्यात आधी पैसे देणारी बाई.

"मास्तर, विजेच्या झटक्यानं डिस्क गेली. भाच्यानं दुसरी बसवून पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम तिच्यात टाकला. आता तुमचा प्रोग्राम मला सगळ्या शिक्षकांसमोर चोर म्हणतोय."

मास्तर चपला शोधायला लागले. "अर्ध्या तासात पोचतो मॅडम."

"गुणही पेनड्राइव्हवर आहेत, पण तीनशे बारा मुलं आहेत. उद्या पालकांना काय देऊ, कपाळ?"

ट्रोट्रो, म्हणजे तिथली वडाप गाडी, नेमकी चौकात अडकली. मास्तरांनी दहा वेळा खिडकीतून डोकं बाहेर काढलं, अखेर उतरून चालायला लागले. वाटेत साक्यीचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान लागलं. आत सहा मशीनं, आणि सहाही पडद्यांवर मास्तरांचा प्रोग्राम.

"हे कुठून आणलंस रे?"

"या मास्तर, बसा. सेर्वा मॅडमचं मशीन मागे दुरुस्तीला आलं होतं, त्यातनं घेतलं. ज्या शाळेला मशीन विकतो तिला भेट देतो. गावभर नाव केलंय तुमचं."

"आणि कुलूप?"

"कसलं कुलूप?"

साक्यी एकेक मशीन तयार करत बसत नसे. परदेशातून आलेल्या ढिगातलं एक नीट करायचं आणि त्याची डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांवर उतरवायची. बाजारात बहुतेक जण तेच करत. डिस्कचा नंबरसुद्धा तोच उतरायचा. सेर्वा मॅडमनी मशीन घेतलं होतं ते इथूनच. म्हणजे साक्यीच्या एकूण एक मशीनला ते कुलूप मॅडमचंच मशीन समजत होतं, आणि खुद्द मॅडमला चोर. कुमासीत जन्म काढून हे आपल्याला सुचू नये? मास्तर तसेच तिरीमिरीत बाहेर पडले.

शाळेत पोचले तेव्हा प्रिंटर चालू होता. टेबलावर नवंच मशीन.

"मॅडम, कुलूप काढूनच टाकतो. पाच मिनिटं द्या."

"राहू द्या. तुम्ही अर्धा तास म्हणालात, मी तासभर वाट बघितली. मग साक्यीला सांगितलं. त्यानं मोटारसायकलवरून मशीन धाडलं. दुसरीपर्यंतची प्रगतिपुस्तकं छापून झालीत."

"पण ती चोरीची प्रत आहे मॅडम."

"असेल. मी पैसे मोजले त्या प्रतीनं मला चोर म्हटलं. हिनं नाही म्हटलं."

मास्तरांना भयंकर लाज वाटली. रागही आला, पण कुणावर ते त्यांना धड कळेना. मॅडमनी शाळेचा शिक्का त्यांच्यापुढे सरकवला.

"आलाच आहात तर शिक्के मारा. तिसरी सुरू झालीय."