पेवाच्या तोंडाशी

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर नाहीच नाही. आता दोघंही राहिले नाहीत, घेतलं तरी ओरडायला कोणी यायचं नाही. पण जिभेला वळण लागलं ते लागलं. तेव्हा सासऱ्यांना मामंजी म्हणते आणि नवऱ्याला नवरा.

माझं माहेर फलटणच्या बाजूचं, कोरड्या मुलखातलं. आमच्याकडं धान्य कणगीत ठेवत. सासर सांगलीच्या खाली, कृष्णेकाठी. लग्न होऊन आले आणि कळलं, की इथं हळद जमिनीत पुरून ठेवतात, तेव्हा मला हसूच आवरेना. मग मामंजींनी एक पेव दाखवलं. वर एक माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आणि खाली माजघराएवढं रुंद पोट. ना वीट, ना चुना, नुसती माती. पण माती अशी चिवट, की पाण्याचा थेंब आत येऊ द्यायची नाही. सांगलीच्या पेठेतले व्यापारी चांगला भाव येईपर्यंत हळद त्यात भरून ठेवत, तोंड लिंपून टाकत, आणि कितीही दिवस गेले तरी हळदीला कीड लागत नसे. मामंजींचं घराणं पेवं खणणारं, भरणारं आणि त्यात उतरणारं.

बंद पेवात वाफ धरते. ती दिसत नाही, तिला वास नाही, पण आत गेलेला माणूस गुमान आडवा होतो. म्हणून पेव आधी उघडं टाकायचं, मग कंबरेला दोर बांधून उतरायचं, आणि खाली असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही. गाणं म्हणा, शिव्या द्या, बायकोची गाऱ्हाणी सांगा, आवाज वर आला पाहिजे. वर दोर धरलेल्यानं ओ देत राहायचं. खालचा गप्प झाला की हाक मारायची, आणि हाकेला ओ आली नाही की ओढायचं. एवढाच कायदा. त्यात न बोलणाऱ्या माणसाला जागा नव्हती, ना खाली, ना वर.

आणि माझा नवरा लढाईवरून आला तो न बोलणारा होऊन.

पलटणीत गेला तेव्हा चांगला तोंडाळ होता. ब्रह्मदेशाकडून परत आला तो हातीपायी धड. जेवायचा, वैरण टाकायचा, विचारलं तर मान हलवायचा. शब्द म्हणून नाही. मिरजेच्या डॉक्टरनं घसा बघितला आणि घशाला काही झालेलं नाही म्हणाला. देवऋष्यानं लिंबं कापली. शेजारणी मला म्हणायच्या, "बाई गं, कसं गं व्हायचं तुझं!" मला दयाबिया येत नसे, खरं सांगते. राग यायचा. घशाला काही झालेलं नाही ना? मग बोल की!

मामंजींनी रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितलं, आणि मग घरामागच्या जुन्या पेवांना हात घातला. त्यांच्या बापाच्या वेळी पूर आला होता, त्यात ती पेवं गाळानं भरली आणि कायमची पडून राहिली. वर बाभळी उगवल्या होत्या. "लढाई संपली का हळदीचा बाजार चढंल, तवा पेवं कमी पडतील," असं मामंजी गावात सांगत. घरात मला म्हणाले, "आगं पोरी, माज्यामागं ह्यो उतरला न्हाई, तर ह्यो धंदा माज्याबरूबर गेला. पेव दुरुस्त करतुया आन पोरगंबी."

काम भारी होतं. बापलेकांनी बाभळी तोडल्या, तोंडं मोकळी केली, पाट्या भरभरून गाळ काढला. गाळाच्या कामाला पेव वरून उघडंच असे, तेवढ्यापुरतं नवऱ्याचं न बोलणं चालून गेलं. पुढं भिंती खरवडून शेणमातीनं लिंपायच्या, मग आत गोवऱ्यांचा जाळ करून वाळवायच्या आणि तोंडावर फळी ठेवून ती धग मुरू द्यायची. तिथून पुढं कायदा लागू. मामंजी उतरणार, नवरा दोर धरणार. पण ओ कोण देणार? गावातलं दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. सगळे म्हणायचे, "मुक्याच्या हातात दोर? न्हाई गड्या." शेवटी मामंजी मला म्हणाले, "तू बस तोंडापाशी. तुज्या तोंडाचा कायतरी उपेग हुंदे."

झालं, गाव हसायला लागलं. पेवाच्या तोंडाशी बाई! कोणी म्हणे, हळद नासेल. मी म्हटलं, "हळद भरा तर खरी, मग नासंल."

ते दिवस मात्र मला आवडले. मामंजी खालून अखंड बोलायचे. "आज आमटीला मीठ घालायचं इसरलीस व्हय?"

"आवं, सकाळी दोनदा वाढून घेतली तवा मीठ कुटं गेलं हुतं?"

"भ्यालो हुतो तुला!"

नवरा दोर धरून बाजूला उभा. एखाद्या वेळी त्याच्या तोंडाचा कोपरा हलतोय असं मला वाटायचं. मामंजींना मी ते सांगितलं, ही एक गोष्ट मात्र सांगितली नसती तर बरं झालं असतं.

कारण दुसऱ्या दिवशी मामंजी बोलता बोलता मधेच गप्प झाले. मी तोंडावर वाकले. खाली काळोख. नवऱ्याकडं बघितलं. त्यानं दोर घट्ट धरला होता, जबडा आवळला होता, पण हाक मारली नाही. "आवं मामंजी!" मी ओरडले. खालून लगेच शिवी आली. "तू का वराडलीस गं? त्याला वराडू दे की!"

वर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या खेपंला त्याचं तोंड उघडलंच हुतं बग. फुडच्या येळंला तू गप बसायचं. म्या सांगतुया. बाप खाली मरतुया म्हनल्यावर कुनाचंबी तोंड उघडंल." मी म्हटलं, "आवं, ह्ये बरं न्हवं." तर म्हणाले, "पेवातलं तुला काय कळतंय?" मी दोर गुंडाळायला घेतला.

पुढचं पेव वाळवून झालं होतं, राख तेवढी काढायची राहिली होती. रॉकेल कंट्रोलमध्ये गेलं होतं, आधी कंदील आत सोडून तो विझतो का बघायचं आमचं बंदच झालेलं. तोंडावरची फळी आदल्या दिवशीच काढली होती, असं मामंजी म्हणाले, आणि ते म्हणाले म्हणजे काढलीच असेल. ते उतरले. माझ्या माहेराची टर उडवायला लागले, तुमच्याकडं पाणी चमच्यानं वाढतात म्हणे. मी उत्तर दिलं. ते हसले. मग पाटीत राख ओढल्याचा आवाज आला, आणि मग आवाज आला नाही.

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंडाला पदर लावून बसले, सांगितलं होतं तशी. नारळाच्या झाडावर कावळे ओरडत होते. म्हातारा खाली बसून गालात हसत असणार, असं मला वाटत होतं. मनात म्हटलं, बास झालं की आता, मामंजी.

मग नवरा ओरडला. "आबा!"

काय तो आवाज! घोगरा, फाटका. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. क्षणभर मी हसलेसुद्धा. मामंजी जिंकले, आता वर येऊन गावभर सांगत सुटतील, असं वाटलं. "आबा! आवं आबा!" त्यानं पुन्हा हाक मारली. खालून ओ आली नाही.

आम्ही दोघांनी ओढलं. रानातली माणसं धावत आली, त्यांनी ओढलं. पेवाचं तोंड अरुंद, खांदे अडकत होते. वर काढले तेव्हा अंग गरम होतं, डोळे मिटलेले, मिशीवर राख. राखेखाली निखारा राहिला होता, की वाफ आधीचीच होती, कोणालाच सांगता आलं नाही. नवरा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारत राहिला. लोकांनी धरून उठवलं तरी मारतच होता.

गावाला काय, बोलायला विषय झाला. "म्हातारा गेला, पन पोराला वाचा दिऊन गेला," म्हणायचे. बायका डोळे पुसत हे मलाच सांगायला यायच्या. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. एकीला तर मी म्हटलं, "मग तुजा सासरा घाल पेवात, बग काय मिळतंय ते." ती परत आली नाही.

नवरा बोलायला लागला होता हे खरं. कामापुरतं. बैल आण, दोर दे, भाकरी नको. सुतक फिटल्यावर एका सकाळी फावडं घेऊन घरामागं गेला आणि पेवं बुजवायला लागला, पहिलं तेच. मी पाटी घेऊन मागं गेले. बाकीची पेवं धड होती, नवी लिंपलेली, हळद भरण्याजोगी. ती ठेव, असं मी म्हटलं नाही. बराच वेळ आम्ही माती टाकत होतो. मग तो खाली बसला.

"आबा गप झाला त्या पयल्या दिवशी मला ठावं हुतं," तो म्हणाला. "आबा सोंग करतुया. मला बोलवाय बगतुया. लय राग आला, म्हनून बोललो न्हाई. तोंडात आलेलं गिळलं."

मी पाटी खाली ठेवली.

"त्या दिवशीबी मला वाटलं, परत तेच. म्हनलं, बसू दे जरा खाली." त्यानं हातातलं ढेकूळ फोडलं. मग माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटलं हुतं गं?"

लढाईवरून आल्यापासून त्यानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. दुसरं काहीही विचारलं असतं तर मी रडून, भांडून, घर डोक्यावर घेऊन उत्तर दिलं असतं. खोटं सांगावं असंही मनात आलं.

"मलाबी तेच वाटलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. पुन्हा उठला, फावडं घेतलं आणि माती ओढायला लागला. मी पाटी पुढं केली.