टेबलाच्या पायाला कुंकू

प्रा. सिद्धनाथ माने सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचं पहिलं दर्शन मला सत्तरच्या दशकात सांगलीच्या एसटी स्टँडवर झालं. पुण्याहून द्रवरूप नायट्रोजनचा भलामोठा थर्मास घेऊन ते उतरत होते आणि कंडक्टर धास्तावून विचारत होता, "आवं, त्यातनं वाफ निघतीया. फुटंल का काय?" मूळचे म्हसवडचे सर शांतपणे म्हणाले, "फुटत न्हाई. निस्तं उडून चाललंय, म्हणून घाई हाय." पुढे मी त्यांचाच विद्यार्थी झालो.

काचेसारख्या, अणूंची रांग विस्कटलेल्या पदार्थांतून वीज कशी जाते, हा सरांचा विषय. ते आम्हाला कृष्णेच्या घाटावर नेऊन पात्रातले दगड दाखवीत. "दमलेला गडी जवळच्या उंच दगडावर चढत न्हाई. लांबचा का असंना, आपल्या उंचीचा दगड बघून उडी टाकतो. थंडीत इलेक्ट्रॉनचं तसंच हाय." त्या दिवशी घरी येऊन मी खिडकीच्या काचेला हात लावून पाहिला. एवढ्या निश्चल वस्तूच्या पोटात हे सगळं चाललेलं असतं, या विचाराने अंगावर काटा आला.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा सर स्वतः करीत. एका वर्षी पूजेनंतर माझी मोजमापं चमत्कारिक येऊ लागली. काच थंड करत गेलं की प्रवाह घटत जायला हवा. तो एका जागी येऊन थांबे, पुढे घटेचना. नवं काही हाती लागलं म्हणून आम्ही हरखलो. माझा प्रबंध त्यावरच उभा राहिला, टंकलेखनालाही गेला. प्रबंधावर माझी नोकरी कायम व्हायची होती आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आप्पा, गावी आष्ट्याला, त्याच आशेवर माझं लग्न लांबवून बसले होते.

सरांना मात्र चैन पडेना. एके सकाळी त्यांनी यंत्रातला काचेचा नमुनाच काढून घेतला आणि बटण दाबलं. काटा तरीही हलला. तार आत शिरते तिथल्या चिनी मातीच्या बैठकीवर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं होतं. थंडीत आम्ही मोजत होतो ती वीज काचेतून नव्हे, त्या ओलसर रेघेवरून जात होती.

नमुन्याला उघड्या हाताने शिवलं तरी रागावणाऱ्या सरांनी सगळ्या विभागाला बोलावलं. "हे बोट माझं आहे," ते म्हणाले. "निष्कर्ष मागे घ्यायचा." त्याच दुपारी ते मला घेऊन आष्ट्याला आले.

"पोराचं वरीस वाया गेलं म्हणायचं का वो?" आप्पांनी विचारलं.

"माझ्यामुळं गेलं, आप्पा. त्याची काय बी चूक न्हाई."

आप्पा म्हणाले, "एवढं सांगायला तुमी सवता आला, सर. करू द्या त्याला परत."

पुढे सर माझ्या शेजारी बसून सगळी मोजमापं नव्याने घेत राहिले. कुंकू पुसल्यावर प्रवाह घसरत गेला, लांब उड्यांच्या हिशोबाने घसरायला हवा अगदी तसा. तो काटा खाली जाताना बघत आम्ही दोघं देवळात बसावं तसे बसलो होतो. प्रबंध झाला, नोकरी टिकली, आणि माझ्या लग्नात सर पंगतीत वाढायला उभे राहिले.

पूजा त्यांनी सोडली नाही. आजही खंडेनवमीला ते प्रयोगशाळेत येतात, यंत्रांना लांबूनच हात जोडतात आणि गुडघे टेकून टेबलाच्या लाकडी पायाला कुंकू लावतात. अलीकडे उठताना माझा हात धरतात. सर, तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, पुष्कळ खंडेनवम्या तुम्हाला लाभोत. उठवायला मी आहे. वाकायला तुम्हीच या.