टाकीतलं फिनेल

पाहुणे येणार म्हणून मी बायोगॅसच्या टाकीत आठवडाभर रोज फिनेल ओतलं. हसू नका, तेव्हा मी बंगळूरच्या कॉलेजात चक्क विज्ञान शिकवत होते! वसतिगृहाच्या खरकट्यापासून गॅस करायच्या आमच्या प्रयोगाला विद्यापीठाची मदत होती. ती पुढे चालू ठेवायची का, हे बघायला समिती येणार होती. वास आला तर काय म्हणतील, या धास्तीनं माझी झोप उडालेली. समितीसमोर शेगडी काही पेटेना. काड्या ओढता ओढता पेटी संपली, तेव्हा फिनेलचं सांगून टाकलं. गॅस करणारे जंतू मीच मारले होते. समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अक्का, पाहुणे येणार म्हणून घरच्यांनाच मारतात का? स्वल्प शेण घाला, जंतू वाढू देत. मग आम्ही परत येतो, चहा याच शेगडीवर करा."