पितृपंधरवड्यातल्या दोन खोल्या

लग्नाला सात महिने झाले होते, आणि चिक्कडपल्लीच्या त्या घरात आम्हा नवराबायकोच्या नि बाकीच्या अकरा माणसांच्या मध्ये होता फक्त एक लुगड्याचा पडदा. इतका पातळ, की नवऱ्याने कूस बदलली की पलीकडून चुलतसासरे विचारायचे, "झोप येईना का रे?" घरात दाराची खोली एकच, आतली, ती सासूसासऱ्यांची. त्यामुळे पुढच्या दोन खोल्यांतले भाडेकरू मास्तर बदलून औरंगाबादला जाणार असं कळलं, तेव्हा मी शेजारणींपुढे चेहरा पाडला आणि मनात पेढे वाटले.

हैदराबाद राज्य फुटत होतं. मराठी कारकून तिकडे, आंध्रातल्या कर्नूलचे तेलुगू कारकून इकडे. त्यांना घरं मिळावीत म्हणून सरकार म्हणे घरभाड्याचा कायदा बदलणार होतं. कायदा कुणी पाहिला नव्हता, पण बाजारात भेंड्या मोडून बघणाऱ्या बायकांनाही त्याची कलमं पाठ! खोली रिकामी दिसली की सरकार तिथं आपला माणूस बसवणार. बसलेल्या भाडेकरूला पणतू झाला तरी तो उठणार नाही. अंबरपेठेत एकाने घर भरलेलं दिसावं म्हणून सहा बकऱ्या आणून ठेवल्या, तर बकऱ्याच भाडेकरू ठरल्या. ही बकऱ्यांची गोष्ट मीच उठवलेली. आठवड्याभरात ती मलाच कुणीतरी शपथेवर सांगितली.

सासरे कोर्टातले निवृत्त पेशकार. ते म्हणाले, "मास्तर गेले की मुलगा-सून पुढं राहायला जातील. कब्जा असला की कायदा काही करत नाही."

"नक्को," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून पितृपंधरवडा. नव्या जागेत पाऊल नाही."

मास्तर नेमके त्याच संध्याकाळी सामान बांधून गेले. मग सासूबाईंनीच तोड काढली. प्रवासाला चांगला दिवस मिळणार नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ-सुपारीचं गाठोडं बाहेर नेऊन ठेवतात. माणूस मागून गेला तरी तो तेव्हाच निघाला असं धरतात. प्रस्थान म्हणतात त्याला. त्यांनी दिवेलागणीला आमचं प्रस्थान पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. शास्त्राप्रमाणे मी नवऱ्यासह तिथं राहायला गेले; देहाने मात्र पडद्यामागेच.

पाचव्या दिवशी घरं तपासणारे साहेब आले. कर्नूलकडचे, काखेत छत्री, बरोबर एक जाड वही. कायदा दिसतो तरी कसा, म्हणून मी दाराच्या फटीला डोळा लावला.

"इथं कोण राहतं?"

"मुलगा नि सून," सासरे तेलुगूत म्हणाले.

"कुठं आहेत?"

सासऱ्यांनी कोपऱ्याकडे हात केला. साहेब गाठोड्यापाशी उकिडवे बसले. "हे तर प्रस्थान! आमच्याकडेही ठेवतात." सासऱ्यांची छाती दोन इंच फुगली. साहेब सासूबाईंकडे वळले. "अम्मा, हे किती दिवस चालतं?"

शास्त्राच्या बाबतीत सासूबाईंच्या तोंडून खोटं निघत नसे. "तीन."

"आज पाचवा."

आपल्याच साक्षीदाराने दावा बुडवलेला पाहून सासऱ्यांनी डोळे मिटले.

"उद्या सकाळी येतो," साहेब म्हणाले. "माणूस दिसलं तर राहती लिहीन, नाहीतर रिकामी. मी स्वतः मलकपेठेत मित्राच्या व्हरांड्यात झोपतोय, अम्मा. मला रिकामी खोली दाखवत जाऊ नका."

ते गेल्यावर सासूबाईंनी गादी काखेत मारली. "हिला पाठवायची नाही, पोर नवी आहे. पितर माझ्या ओळखीचे आहेत. निम्म्यांना तर मीच वाढलंय."

सकाळी साहेब आले तेव्हा त्या खिडकीत बसून गवार मोडत होत्या. चहा पाजला. साहेबांनी 'राहती' लिहिलं.

पंधरवडा सरला, पण सासूबाई हलेनात. त्या खिडकीतून म्हणे सगळी चिक्कडपल्ली दिसे. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची सून माहेरी निघाली. आठ दिवसांनी सासरेही उशी घेऊन तिकडे गेले. मी दोन दिवस मुसी नदीला पूर येईल एवढं रडले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, आमची आतली खोली आता झाडायला कोण येणार?"

मी झाडू घेऊन गेले. चार भिंती, शिसवी दार, आणि दाराला आतून मनगटाएवढी कडी. नवरा मागोमाग आला. मी कडी नऊ वेळा लावली, नऊ वेळा काढली. दहाव्यांदा लावली ती संध्याकाळच्या चहापर्यंत काढली नाही.